आईचा परदेस

देव आनंदचा 'गाईड' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पण त्याच कथेवर, देव आनंद आणि वहिदा रेहमान यांनाच घेऊन, १९६५ मध्ये इंग्रजीतही एक चित्रपट निघाला होता, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. तो चालला नाही. त्या इंग्रजी 'गाईड'च्या पटकथेवर नाव होतं पर्ल बक यांचं. 'द गुड अर्थ' ही कादंबरी लिहून १९३२ मध्ये पुलित्झर आणि १९३८ मध्ये नोबेल मिळवणारी ही अमेरिकन लेखिका. तिनं चिनी शेतकऱ्याचं घर असं रंगवलं की वाचणाऱ्याला वाटावं, ही बाई त्याच चुलीपुढे वाढली असेल.

ते अगदी खोटंही नाही. ती वाढली चीनमध्येच. मात्र आज मला बोलायचंय ते पर्लच्या आईबद्दल. कॅरी तिचं नाव. ती लेखिका नव्हती, प्रसिद्ध नव्हती. १८८० ते १९२१ अशी चाळीस वर्षं ती चीनमध्ये संसार करत राहिली. अमेरिकेतून आलेली एक आई परक्या मुलखात रोजचा दिवस कसा काढते, भाजी कशी चिरते, पाणी कसं उकळते, मुलांना कुठली गाणी शिकवते, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. तिथं तह येतात, आगबोटी येतात, बंडं येतात. कॅरीच्या बाबतीत ते आलं, कारण तिची मुलगी लिहिणारी निघाली. आईच्या मृत्यूनंतर पर्लनं घरच्यांसाठी म्हणून आईचं चरित्र लिहून ठेवलं. ते १९३६ मध्ये छापलं गेलं. नाव 'द एक्झाइल'. म्हणजे परागंदा, वतनाबाहेर पडलेली.

कॅरीचं माहेर वेस्ट व्हर्जिनियातल्या हिल्सबरो या डोंगरातल्या गावचं. नाव स्टल्टिंग. आडनावावरून लक्षात येईल, ही मंडळी मूळची तिथली नव्हेत. तिचे आजोबा हॉलंडमधून १८४७ मध्ये मुलंबाळं, नातेवाईक आणि सोबतीची माणसं घेऊन धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत आले होते. म्हणजे कॅरीच्या घरात समुद्र ओलांडणं नवं नव्हतं. तिची आई क्षयानं गेली. आईच्या उशाशी बसून या मुलीनं देवाला शब्द दिला की, खूण मिळाली तर मी आयुष्य तुझ्या कामाला देईन. अशा वयात असे शब्द दिले जातात. पुढे अॅबसलम सायडनस्ट्रिकर नावाचा एक उंच, अबोल, पुस्तकात बुडालेला तरुण भेटला. त्याला मिशनरी म्हणून चीनला जायचं होतं. त्याच्या आईनं अट घातली होती की, लग्न केल्याशिवाय जायचं नाही. १८८० च्या जुलैत लग्न झालं आणि दोघं निघाली. पर्लनं एक किस्सा सांगितला आहे. लग्नानंतर आगगाडीनं निघताना नवरदेवानं तिकीट काढलं, ते एकच. आपल्यासोबत आता बायको आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

लेकीनं सांगितलेला किस्सा आहे, हे विसरू नये. पर्ल आईच्या बाजूची आहे आणि वडिलांवर तिनं वेगळं पुस्तक लिहिलं, तेही त्याच वर्षी. त्यात आदर आहे, पण माया आखडती आहे. तरीही एकाच तिकिटाची ही गोष्ट पुढच्या चाळीस वर्षांना इतकी लागू पडते की ती सोडवत नाही.

त्या काळचा चीन समजून घेतला पाहिजे. इंग्रज आणि फ्रेंचांनी युद्धात हरवून चीनवर तह लादले होते. १८५८ च्या तियानजिनच्या तहानं आणखी बंदरं परदेशी व्यापाराला उघडली आणि मिशनऱ्यांना आतल्या मुलखात फिरायची मुभा मिळाली. यांगत्से नदी आणि चीनचा जुना मोठा कालवा जिथं एकमेकांना छेदतात, तिथलं झेनज्यांग हे असंच एक बंदर. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत ते 'चिनक्यांग' म्हणून येतं. काळ्या व्हिनेगरसाठी ते आजही चीनभर प्रसिद्ध आहे. कॅरीचा संसार आधी इतर गावांत फिरला, पण तिचं म्हणावं असं घर झालं ते झेनज्यांगच्या टेकडीवर. खाली नदी, नदीत परदेशी गनबोटी, टेकडीच्या उतारावर चिनी थडगी आणि मध्ये हा बंगला. परदेशी माणसावर चिनी कायदा चालत नसे. त्याचा न्याय त्याचा वकील करी. कॅरीनं कधी कुणावर हात उगारला नाही, पण तिच्या बागेला जे कुंपण होतं ते या तहांचं होतं. शेजारच्या बायका हे ओळखून होत्या.

त्या कुंपणाच्या आत तिनं अमेरिका पेरली. शब्दशः पेरली. गुलाब लावले, माहेरच्या अंगणातली फुलं लावली, बिया टपालानं मागवल्या. भावानं दिलेला एक छोटा ऑर्गन तिनं समुद्रापलीकडून आणला होता आणि ज्या ज्या घरात बिऱ्हाड गेलं त्या त्या घरात तो गेला. पडदे शिवले, भिंतींना पांढरा चुना मारला, जमीन घासून घेतली. कापड, औषधं, पुस्तकं अमेरिकेहून यायची, ऑर्डर पाठवल्यावर कित्येक महिन्यांनी. चार जुलैला घरात अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नाताळात केक, रविवारी भजनं. मुलांना ती सांगायची की तिकडे नळाचं पाणी न उकळता पितात आणि झाडाखाली पडलेलं सफरचंद तसंच उचलून खातात. पर्ल लहानपणी समजून बसली होती की अमेरिकेत कुणी आजारीच पडत नसेल.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आज हे उलट्या दिशेनं चाललेलं दिसतं. रविवारी मराठी शाळा, महाराष्ट्र मंडळाचा गणपती, आणि इकडून नेलेला गोडा मसाला. तिथल्या मुलांना कोकण जसं कळतं, तसंच पर्लला वेस्ट व्हर्जिनिया कळलं असणार: आईच्या आवाजातून, ऊन-पावसाशिवाय. फरक एवढाच की ही मुलं विमानानं दोन वर्षांतून एकदा आजीकडे येतात. कॅरीला चाळीस वर्षांत माहेरी जायला मिळालं ते बोटांवर मोजण्याइतकं.

या घरात रोजच्या कामाचा मोठा भाग होता जंतूंशी लढाई. आज आपल्याला सोपं वाटतं. पण काळ पाहा. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉकनं ओळखला तो १८८३-८४ मध्ये, त्याचं काम आपल्या कलकत्त्यात पूर्ण झालं. मलेरिया डासातून येतो हे रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत दाखवलं ते १८९७ मध्ये. कॅरीची पहिली मुलं झाली तेव्हा यातलं काही घरापर्यंत पोचलेलं नव्हतं. तिला फक्त दिसत होतं की उन्हाळा आला की मुलं जातात. सात मुलं झाली, त्यातली चार गेली. १८९० पर्यंत पहिल्या चारांपैकी तीन गेली होती. त्यातली दोन त्याच वर्षी, काही दिवसांच्या अंतरानं. उरला एकटा थोरला एडगर.

पर्ल लिहिते की या दिवसांत वडील बहुतेक वेळा दौऱ्यावर असत. खेडोपाडी खेचरावर, होडीत, पायी. ते कठोर नव्हते. त्यांना खरोखरच वाटे की एवढ्या मोठ्या देशातले इतके आत्मे वाट पाहत आहेत. आईला वाटे की घरातली चार मुलं वाट पाहत आहेत. या दोन वाटण्यांमध्ये तो संसार चालला.

मुलं गेल्यावर डॉक्टरांनी कॅरीला मायदेशी न्यायला सांगितलं. ती हिल्सबरोच्या घरी आली आणि तिथं २६ जून १८९२ ला पर्लचा जन्म झाला. चार भिंतींची, झाडांची, आपल्या माणसांची सोबत होती. इथं ती थांबू शकली असती, असं आपल्याला वाटतं. पण काही महिन्यांचं ते बाळ घेऊन ती परत चीनच्या बोटीत चढली. का, याचं उत्तर पर्लच्या पुस्तकात मला एक सापडत नाही, तीन-चार सापडतात. दिलेला शब्द होता. नवरा होता. आणि तिकडच्या मातीत आता तिची तीन मुलं होती. मला विचाराल तर शेवटचं कारण सगळ्यांत जड.

उर्दूत 'गुरबत' असा एक शब्द आहे. बोलताना आपण तो गरिबी या अर्थानं वापरतो. मूळ अरबी अर्थ मात्र वतनापासून दूर असणं, परकेपण. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे आले असतील, याचं कोडं मला कॉलेजात असल्यापासून होतं. कॅरीकडे पाहिलं की ते थोडं सुटतं. तिच्या घरी नोकर होते, टेकडीवर बंगला होता, शेजारच्या कुठल्याही चिनी कुटुंबापेक्षा ती सुखवस्तू होती. आणि तरीही तिच्याजवळ ते नव्हतं जे खाली झोपडीतल्या बाईजवळ होतं: बाळंतपणाला आई, मुलाला ताप आला की धावत येणारी जाऊ, भांडायला नणंद.

त्या सगळ्या जणींची जागा एका बाईनं भरली. वांग अम्मा. मुलांची आया. तिकडे परदेशी घरांत आयेला 'अम्मा' म्हणत. ती यांगचौची. तिची माणसं ताइपिंगच्या बंडात गेली होती. त्या बंडानं १८५० ते १८६४ या काळात कोट्यवधी माणसं मारली. तिचे पाय बांधून लहान केलेले, दात पडलेले. पर्लची पहिली बोलभाषा वांग अम्माची चिनी होती, इंग्रजी नंतर आली. पर्लचे सोनेरी केस ती टोपीखाली खोचून टाकी, कारण माणसाचे केस काळे असतात, हे वेगळं काही तरी विचित्रच. पर्ल आधी स्वयंपाकघरात नोकरांबरोबर भात खाऊन येई आणि मग आई-वडिलांच्या टेबलावर भूक नसल्यासारखी बसे. कॅरीला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. आईला कळतं. टेबलावरची अमेरिका आणि चुलीपुढचा चीन, दोन्हीकडे पोर वाढतं आहे हे पाहून तिला काय वाटलं असेल, हे मात्र पर्लनंही अंदाजानंच लिहिलं आहे.

शिक्षणाचीही अशीच वाटणी होती. सकाळी आई शिकवायची, अमेरिकेतल्या शाळेचे धडे. दर आठवड्याला काही तरी लिहून दाखवायचं, असा तिचा दंडक. त्या लिखाणातलं काही शांघायच्या 'मर्क्युरी' या इंग्रजी पत्राच्या मुलांच्या पानात छापून आलं, आणि ही पुढच्या नोबेलची सुरुवात. दुपारी मिस्टर कुंग नावाचे कन्फ्यूशियसच्या परंपरेतले वृद्ध पंडित येत. ते चिनी अक्षरं, इतिहास आणि शिष्टाचार शिकवत. सकाळच्या इतिहासात चीन जवळजवळ नसे. दुपारच्या इतिहासात इंग्रज म्हणजे अफूचे व्यापारी असत. एकाच मुलीला एकाच दिवशी दोन इतिहास. १९०५ मध्ये कुंग मास्तर कॉलऱ्यानं गेले.

टेकडीच्या उतारावर खेळताना या मुलीला कधी कधी लहान लहान हाडं सापडत. गरिबीनं टाकून दिलेल्या, बहुतेक मुलींच्या, अर्भकांची. कुत्र्यांनी उकरलेली. पर्ल ती गोळा करून पुन्हा पुरायची. तिनं हे आईला सांगितलं नाही. कॅरीनं कुंपण घातलं, चुना मारला, पाणी उकळलं, आणि तिची लेक कुंपणाबाहेर हे करत होती. परदेशात मूल वाढवणाऱ्या आईला आपल्या मुलाचं अर्धं बालपण दिसतच नाही. स्वदेशातही ते पूर्ण दिसतं असं नाही म्हणा, पण तिथं निदान ते कुठल्या गल्लीत चाललंय हे ठाऊक असतं.

एक प्रसंग पर्लनं आईकडून ऐकून लिहिला आहे, तो सांगतो. उन्हाळा, पाऊस नाही, शेतं करपलेली. गावात बोलणं सुरू झालं की परदेशी लोक आले म्हणून देव रागावले. नवरा दौऱ्यावर. खिडकीखाली माणसं कुजबुजताना कॅरीनं ऐकलं: आज रात्री यांना मारायचं. तिनं काय केलं? वांग अम्माला हाताशी घेतलं, घर झाडून काढलं, केक काढले, चहा ठेवला, दिवे लावले, झोपलेल्या मुलांना उठवून चांगले कपडे घातले, आणि दारं सताड उघडी ठेवली. माणसं काठ्या घेऊन आली. तिनं त्यांना या, बसा म्हटलं. चहा ओतला. मुलं खेळत होती. आलेली माणसं घरातल्या वस्तू पाहत राहिली, ऑर्गन पाहिला, मुलांकडे पाहिलं. ही तर आपल्यासारखीच माणसं, असं कुणी तरी म्हणालं, आणि हळूहळू निघून गेली. पहाटेच्या आत पाऊस आला.

कुठल्याही सांगीव गोष्टीसारखी ही जरा जास्तच गोल आहे. पावसानं इतकं वेळेवर यावं? पण मला ती खरी वाटते ती चहामुळे. घाबरलेली बाई हाताला येईल ते काम करते, आणि तिच्या हाताला पाहुण्याचं आदरातिथ्य आलं. चिनी रिवाजाप्रमाणे चहा घेतलेल्या घरावर हात टाकणं अवघड.

१९०० मध्ये मात्र चहानं भागण्यासारखं उरलं नव्हतं. बॉक्सर बंड पेटलं. उत्तरेत, ताइयुआनला, मिशनरी कुटुंबं बायकामुलांसह मारली गेली. झेनज्यांगला शेजारणींनी येणं बंद केलं. अॅबसलम तिथंच राहिले; कॅरी मुलींना घेऊन शांघायला गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १८९९ मध्ये, चार-पाच वर्षांचा क्लाइड गेला होता आणि धाकटी ग्रेस जन्मली होती. एडगर तर आधीच, पंधराएक वर्षांचा असताना, शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवला गेला होता. मिशनरी घरांची ही रीतच होती. ज्या मुलाला चार साथींतून जपलं, त्याला मिसरूड फुटायच्या सुमाराला बोटीत बसवायचं. पुढे एडगर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यखात्यात नावाजलेला संख्याशास्त्रज्ञ झाला. रोग आणि गरिबी यांचा संबंध आकड्यांत मांडणं हा त्याचा विषय. त्याच्या घरातले आकडे पाहता याचं नवल वाटायला नको.

क्लाइड गेला त्याच सुमाराला हे कुटुंब उन्हाळ्यात डोंगरावर जाऊ लागलं होतं. यांगत्सेच्या दक्षिणेला लुशान पर्वत आहे. तिथं कुलिंग नावाचं थंड हवेचं ठिकाण परदेशी लोकांनी वसवलं. इंग्रजांनी इकडे महाबळेश्वर, माथेरान केलं, तसंच. अॅबसलमनी १८९७ च्या सुमाराला तिथं जागा घेऊन छोटंसं दगडी घर बांधलं. खुर्चीच्या पालख्यांतून, शेकडो पायऱ्या चढून तिथं जायचं. तिथं डास कमी, पाणी स्वच्छ. धाकट्या दोन मुली जगल्या, त्यात या डोंगराचाही वाटा असावा.

आणि मिशन? चाळीस वर्षं तिथं राबूनही मिशनच्या कारभारात बाईला मत नव्हतं. अॅबसलमना ते योग्यच वाटे. बायकांनी सभेत गप्प बसावं असं सेंट पॉलनं लिहिलंय, मग प्रश्न मिटला. घरखर्चातून काटलेला पैसा ते आपल्या चिनी बायबलच्या भाषांतराच्या छपाईला घालत. आवृत्तीमागून आवृत्ती. पर्लच्या मते त्या पुस्तकानं घरातल्या एका मुलाइतकं खाल्लं. कॅरी दारात आलेल्या बायकांचं ऐकून घेई, मुलांना औषध देई, लिहा-वाचायला शिकवी. आत्म्यांच्या हिशोबात हे धरलं जात नव्हतं.

पर्ल १९१० मध्ये अमेरिकेत, लिंचबर्गच्या कॉलेजात गेली. चिनी शिंप्यानं शिवलेले कपडे, फ्रेंच बायका घालतील तसे, पण वर्गातल्या मुलींपेक्षा वेगळे. आईनं सांगितलेली अमेरिका तिला तिथं दिसली नाही. १९१४ मध्ये पदवी मिळाली आणि आई आजारी म्हणून ती परत झेनज्यांगला आली. आईला एक पचनाचा दुखणाईत आजार जडला होता, जो उष्ण प्रदेशातल्या गोऱ्या लोकांना सर्रास होई. शरीर वाळत गेलं. १९२१ च्या ऑक्टोबरात कॅरी गेली. शेवटच्या दिवसांत शुश्रूषेला आलेल्या नर्सला तिनं विचारलं की, फॉक्सट्रॉट नावाचा नवा नाच म्हणतात तो कसा असतो, करून दाखव. नर्सनं पलंगासमोर नाचून दाखवला. छान आहे, हलका आहे, असं ती म्हणाली. आणि देवाबद्दल आपल्या नवऱ्याची समजूत चुकली असेल तर नवल नाही, असंही. मिशनरीच्या घरातली ही गोष्ट लेकीनं छापून टाकली, यासाठी मी तिला मानतो.

इथं आईची गोष्ट संपते, पण एक आई अजून बाकी आहे. पर्ल स्वतः. १९१७ मध्ये तिनं जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी लग्न केलं. १९२० मध्ये मुलगी झाली, कॅरल. तीन-चार वर्षांची होईपर्यंत कळलं की मूल बोलत नाही, शिकत नाही. पुढे कित्येक वर्षांनी निदान झालं की हा फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार. नॉर्वेच्या फोलिंग या डॉक्टरनं तो ओळखलाच मुळी १९३४ मध्ये. तोवर कॅरल चौदा वर्षांची झाली होती.

परदेशात मतिमंद मूल वाढवणं म्हणजे काय, हे पर्लनं १९५० मध्ये लिहिलं, त्याआधी तीस वर्षं ती गप्प होती. त्यात एक गोष्ट मला फार लागते. चिनी शेजारी कॅरलला पाहून दचकत नसत. असतं एखाद्याचं असं, म्हणत आणि तिला खेळायला घेत. शांघायच्या रस्त्यावर मात्र अमेरिकेहून नव्यानंच आलेल्या दोन तरुण बायकांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि जाता जाता एक शेरा मारला. आपल्याच भाषेत, त्यामुळे कळला. त्या दिवसापासून पर्ल मुलीला लपवायला लागली. आईनं जी अमेरिका कुंपणाच्या आत जपली होती, ती लेकीला अशी भेटली.

२४ मार्च १९२७ ला नानजिंगमध्ये सैनिकांनी परदेशी घरं लुटली, काही परदेशी माणसं मारली गेली. पर्ल, तिचा नवरा, दोन मुली, वृद्ध अॅबसलम, ग्रेस आणि तिचं कुटुंब, एवढी माणसं लू नावाच्या एका गरीब बाईच्या खिडकी नसलेल्या खोपटात दिवसभर लपली. कॅरीच्या दारात काठ्या घेऊन आलेल्या माणसांना चहा मिळाला होता. तिच्या लेकीला त्याच लोकांतल्या एका बाईनं स्वतःचा जीव धोक्यात घालून आसरा दिला. बाहेर नदीतून अमेरिकन आणि ब्रिटिश बोटींनी शहरावर तोफा डागल्या, तेव्हा त्या गोळ्यांना परदेशी खोपट आणि चिनी खोपट वेगळं कळत नव्हतं. नंतर या कुटुंबाला बोटीवर नेण्यात आलं. लूबाईसाठी बोट नव्हती.

कॅरलला १९२९ मध्ये पर्लनं न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत ठेवलं आणि ती चीनला परतली. आईनं एडगरला बोटीत बसवलं होतं, आता तिची पाळी. खर्च मोठा, दोन हजार डॉलर उसने घेतलेले. पैसे मिळवायचे तर लिहायचं. नानजिंगच्या घराच्या माळ्यावर बसून सकाळच्या वेळात, तीनेक महिन्यांत तिनं 'द गुड अर्थ' लिहून काढली. १९३१ मध्ये ती आली आणि खपातली आणि कौतुकातली सगळी उंची तिनं गाठली. वांग लुंगची ती थोरली मुलगी आठवते? जी कधी बोलत नाही, उन्हात बसून कापडाच्या तुकड्याशी खेळते, आणि बाप जिला दुष्काळातही विकत नाही? त्या मुलीला कादंबरीत नावसुद्धा नाही. लाखो वाचकांनी ती वाचली आणि ती चिनी समजली.

नानजिंगची लूट झाली तेव्हा पर्लच्या एका कादंबरीचं हस्तलिखित नष्ट झालं. आईचं चरित्र भिंतीतल्या उंच कपाटात ठेवलेलं होतं, तिथवर कुणाचा हात गेला नाही. 'द एक्झाइल' त्या कपाटातून वाचलेलं पुस्तक. नोबेलच्या मानपत्रात चिनी शेतकरी जीवनाच्या चित्रणाबरोबर तिच्या चरित्रलेखनाचाही मुद्दाम उल्लेख आहे.

पर्लनं १९३४ मध्ये चीन सोडला तो कायमचा. १९७२ मध्ये, निक्सन जाऊन आल्यावर, तिनं व्हिसा मागितला. नव्या राजवटीनं नाकारला. तिथं आई होती, चार भावंडं होती, वांग अम्मा होती, सगळी मातीत. पुढच्या मार्चमध्ये पर्ल अमेरिकेत वारली. पेनसिल्व्हानियातल्या तिच्या शेतावर तिची कबर आहे. दगड तिनं स्वतःच ठरवून ठेवला होता. त्यावर इंग्रजी एक अक्षर नाही. उभ्या ओळीत तीन चिनी अक्षरं आहेत, तिचं चिनी नाव.

झेनज्यांगच्या टेकडीवरचं घर पुढे चिनी लोकांनीच दुरुस्त करून जपलं. आता ते पाहायला माणसं जातात.